चौकशीच्या खिडकीनंतरची मुलगी

त्या मालिकेवर माझा राग का आहे, हे सांगायला लागले की लोक आधी हसून घेतात. म्हणून मालिकेचंच आधी सांगते. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर ती आठवड्यातून एकदा लागायची. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीत बसणारा एक कारकून, चाळिशीला टेकलेला, लग्न न झालेला. खिडकीशी येऊन कुणीही काहीही विचारलं की तो चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचा, "आधी चौकशी करून या." बस्स, एवढाच विनोद. पण आमच्या देवळाली प्रवरात त्या दिवसांत वाण्याला साखर आली का विचारलं तरी तो चष्मा नसलेल्या कपाळाकडे हात नेऊन तेच वाक्य ऐकवायचा. मलाही ती मालिका आवडायची, उगाच खोटं कशाला बोलू.

आमच्या घरात व्हीसीआर होता. दादाने तो कुवेतहून परतलेल्या एका ओळखीच्या माणसाकडून जुना विकत घेतला होता आणि त्याच्यावर झाकायला आईकडून विणलेला रुमाल करून घेतला होता. मालिका सुरू झाल्यावर दादाने ठरवलं की ही रेकॉर्ड करून ठेवायची. जाहिराती आल्या की तो बटण दाबून थांबवायचा, भाग सुरू झाला की पुन्हा चालू. शेवटची नावं पडद्यावर यायच्या आत बंद. टेपचा एक इंचही वाया जाऊ देणार नाही, असा त्याचा बाणा होता. गावात दुसऱ्या कुणीही ती मालिका रेकॉर्ड केली नाही, त्यामुळे पुढचं सगळं रामायण आमच्याच घरातून निघालं.

दादाने नवी कॅसेट आणली असती तर मी आज हे लिहीत बसले नसते. त्याने घरातलीच एक घेतली. ती माझी कॅसेट होती.

आमच्या ख्रिस्ती समाजात तेव्हा आखातात नोकरीला गेलेल्या मुलांसाठी मुली बघण्याची एक नवी रीत निघाली होती. मुलगा सुट्टीवर कधी येणार याचा भरवसा नाही, मग मुलीची कॅसेट करून पाठवायची. पसंत पडली तर कॅसेट तिकडेच राहायची आणि मुलाकडून निरोप यायचा. नापसंत असेल तर कॅसेट परत यायची, कुणा येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीतून, तोंडातून एक शब्द न काढता. नकार कुणी द्यायचाच नाही, कॅसेटच द्यायची. लोकांना ही फार सभ्य पद्धत वाटायची.

माझ्यासाठी मस्कतचं स्थळ आलं तेव्हा मी नुकतीच बी.एड. होऊन गावातल्या शाळेत तात्पुरत्या जागेवर लागले होते. राहुरीहून लग्नांचं शूटिंग करणारा एक जण बोलावला. त्याच दिवशी चुलतभावाच्या मुलाचा बाप्तिस्मा होता, म्हणून पप्पा म्हणाले की एकाच कॅसेटमध्ये दोन्ही होऊ दे, मुलाकडच्यांना आपला गोतावळाही दिसेल. त्यामुळे आधी बाप्तिस्मा, जेवणावळ, आल्यागेल्यांचे नमस्कार, असं लांबलचक, आणि शेवटी मी.

कॅमेरा स्टुलावर ठेवला होता. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून यायचं आणि रिकाम्या खुर्चीपुढे ठेवायचा. मग खिडकीपर्यंत चालत जायचं, परत यायचं. वळून केस दाखवायचे. मग कॅमेऱ्यामागून मामा प्रश्न विचारणार. मामाला त्या दिवशी भयंकर सर्दी झाली होती. स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, प्रार्थनेला नियमित जाता का, असं सगळं गेंगाण्या आवाजात विचारून झाल्यावर त्याने विचारलं, "राग येतो का?"

हा प्रश्न आधी ठरला नव्हता. मी म्हणाले, "येतो. पण येऊ देत नाही."

शूटिंगवाल्याने मग आपल्या मनाने माझ्या चालण्याच्या आधी आणि नंतर हृदयाच्या आकाराची चौकट टाकली आणि मागे सनई लावली. कॅसेट मस्कतला गेली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीआधी परत आली. एका नात्यातल्या माणसाने ती खजुराच्या पाकिटासोबत आणून दिली. खजूर आम्ही खाल्ला. कॅसेटबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. आईने ती टीव्हीखालच्या कप्प्यात सरकवली आणि मी शाळेच्या वह्या तपासायला बसले. तिकडून नकार आला हे मला कळलं, पण का आला हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

दादाने नेमकी तीच कॅसेट उचलली. पाठीवरची खिट्टी शूटिंगवाल्याने मोडून ठेवली होती, म्हणजे वरून काही रेकॉर्ड होऊ नये. दादाने त्या भोकावर चिकटपट्टी लावली आणि काम सुरू केलं. दर आठवड्याला बाप्तिस्म्याचा थोडा भाग पुसला जाऊ लागला. पाळक गेले, बाळ गेलं, जेवणावळ गेली. मला हे ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मी खूश होते. आणखी एखाद-दोन भाग झाले की माझी पाळी येणार होती. त्या कारकुनाने मला पुसून टाकावं, याची मी दर आठवड्याला वाट बघत होते.

आणि मालिका बंद पडली. एका भागात कारकुनाची आई त्याला ओढत मुलगी बघायला घेऊन जाते. तो दारावर टकटक करतो. आतून बाईचा आवाज येतो, "कोण?" भाग संपतो. पुढच्या आठवड्यात त्या वेळेला ठिबक सिंचनावर चर्चा लागली. त्याच्या पुढच्या आठवड्यातही चर्चाच. दूरदर्शनने ना कारण दिलं, ना माफी मागितली. गावभर हळहळ झाली. माझ्याएवढी मात्र कुणाला झाली नसेल.

कारण आता कॅसेटवर कारकून दार वाजवतो, आतून "कोण?" असा आवाज येतो, पडदा जरासा थरथरतो आणि लगेच मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर येते.

हे मला माहीत असतं तर मी ती कॅसेट त्याच दिवशी पुसली असती. मला वाटलं होतं की दादाने पुढचं काढून टाकलं असेल. दादाने "कोण?" च्या पुढे कधी बघितलंच नव्हतं. त्याने कॅसेट बाजारपेठेतल्या व्हिडिओ लायब्ररीवाल्याला दिली, कारण बदल्यात तो दादाला नवे सिनेमे बघायला द्यायचा. लायब्ररीवाल्याकडे दोन व्हीसीआर होते. एकाची वायर दुसऱ्याला जोडली की एका कॅसेटच्या हव्या तेवढ्या कॅसेटी निघायच्या.

मला पत्ता लागला तो वर्गात. आठवीच्या मुलांवर मी कशासाठी तरी चिडले होते. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "येतो, पण येऊ देत नाही," आणि अख्खा वर्ग खाली मान घालून खिदळला. मला क्षणभर काही उमगेना. मग उमगलं आणि डोक्यात तिडीक गेली. मी फळ्याकडे तोंड करून समीकरण सोडवत राहिले. ते चुकलं, आणि तेही मुलांनीच दाखवून दिलं.

घरी येऊन मी दादाला धारेवर धरलं. त्याने आधी कानांवर हात ठेवले, मग कॅसेट लावून बघितली आणि मग, परमेश्वर त्याला क्षमा करो, तो हसला. म्हणाला की जोड इतका बेमालूम झालाय की मुद्दाम करायचा म्हटलं तरी जमणार नाही. लोकांना वाटतंय की हा शेवटचा भाग आहे, टीव्हीवर न दाखवलेला. आवाजाचं काय, मी विचारलं, मामाचा आवाज त्या नटासारखा कुठे आहे? तर म्हणे लोकांना वाटतं, मुलगी बघताना कारकून घाबरलाय म्हणून तसा बोलतोय.

मी आईकडे गेले. आईने शांतपणे विचारलं की तुझी हरकत नेमकी कशाला आहे. तुझा पदर नीट आहे, केस छान दिसतात, उत्तरं चांगली दिलीस. लोकांनी बघितलं तर बिघडलं काय? मला सांगता येईना. आता शाळांमधून मुलांना बजावतात की कुणाचं चित्रण त्याला न विचारता पुढे पाठवू नका, आणि मुलं पाठवतातच. पण निदान त्या तक्रारीला आता नाव तरी आहे. तेव्हा माझ्याकडे नावही नव्हतं. मी आईला म्हणाले की ते एका घरासाठी केलं होतं, त्या घराने ते परत पाठवलं, म्हणजे ते आता माझं आहे. आई म्हणाली, "अगं, पण नाकारलेलीच होती ना ती कॅसेट." आणि तिने जीभ चावली. आमच्या घरात तो शब्द तेव्हा पहिल्यांदा उच्चारला गेला.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः लायब्ररीवाल्याकडे गेले. त्याने मूळ कॅसेट लगेच दिली, वर चहाही मागवला. मी घरी येऊन माझ्यावर ठिबक सिंचनाची चर्चा रेकॉर्ड केली. शेतीतज्ज्ञ हळूहळू मला झाकत गेला तेव्हा मला मनापासून बरं वाटलं. ते समाधान रविवारपर्यंत टिकलं. रविवारी उपासनेनंतर तरुण संघाच्या मुली आल्या आणि म्हणाल्या, ताई, नाताळच्या कार्यक्रमात तुम्ही तेच करून दाखवाल का, ट्रेवालं? त्यांनी राहुरीत कुणाकडे तरी बघितलं होतं. मी पाळकांना सांगितलं. ते भले गृहस्थ होते; म्हणाले की कॅसेटमध्ये तुमचं नाव कुठेच येत नाही, मग तुमची बदनामी कशी होईल? शिवाय त्यात वावगं काही नाही. वावगं नाही, वावगं नाही, हे मी इतक्या जणांकडून ऐकलं की मला वाटायला लागलं, त्यात काहीतरी वावगं असतं तर बरं झालं असतं. तर निदान कुणीतरी माझ्या बाजूने भांडलं असतं.

पुढचे काही महिने मी एकामागून एक कॅसेटींच्या मागे लागले होते. राहुरीची मिळवली. नगरला दादाच्या मित्राकडे होती, ती मिळवली. प्रत्येक वेळी माणूस कॅसेट हसत हसत द्यायचा, आणि देताना आणखी कुणाला दिली होती ते सांगायचा. मी घरात बसून कॅसेटी पुसत होते आणि बाहेर त्या वाढत होत्या. दादाला दया आली की कंटाळा, कोण जाणे, पण तो स्कूटरवर मला नेऊ लागला.

शाळेतल्या एका बाईंचं माहेर घोडेगावचं. त्यांनी सांगितलं की तिथे बाजाराच्या दिवशी एका पत्र्याच्या शेडमध्ये व्हिडिओ चालतो आणि सिनेमाच्या आधी ती मालिका लावतात. जनावरांचा बाजार मोठा, लांबलांबून माणसं आलेली, सौदा ठरेपर्यंत वेळ काढायचा असतो. मी शाळेत रजा टाकली.

शेडपर्यंत पोचायला आम्हाला बैलांमधून, म्हशींमधून वाट काढावी लागली. दादाने स्कूटर बाहेरच ठेवली आणि बाहेरच थांबतो म्हणाला. दाराशी बसलेला मालक मला बघून उठला. "ताई, हितं बायका न्हाई येत. काय हवं?" मी म्हणाले, आत बघायचं आहे, आणि गोणपाटाचा पडदा सारून आत गेले.

आत बाकांवर पागोटी, टोप्या, खांद्यावर दोरखंड. पुढे टीव्ही. कारकुनाने नुकतंच दार वाजवलं होतं. "कोण?" झालं आणि मी आले. म्हणजे जी काही उरले होते ती. कॉपीवरून कॉपी, तिच्यावरून आणखी कॉपी करत आल्यामुळे माझा चेहरा म्हणजे नुसता पांढरट डाग झाला होता. साडीचा रंग निळ्याचा हिरवा झाला होता. पण चाल माझीच होती. कुणी खाकरलं नाही, कुणी शिट्टी मारली नाही. मी खिडकीपर्यंत गेले आणि परत आले, तोवर ती सगळी माणसं गप्प बसून बघत होती. मामाने राग येतो का विचारलं, तेव्हा सगळ्या शेडने माझ्या आधी उत्तर दिलं. आणि मग सगळी माणसं मोठ्याने हसली. ते हसू वाईट नव्हतं. त्यामुळेच माझा जास्त जळफळाट झाला. वाईट हसली असती तर मला सरळ ओरडता आलं असतं.

मी पुढे गेले आणि व्हीसीआरचं बटण दाबून कॅसेट बाहेर काढली. गलका झाला. मालक धावत आला. मी सगळ्यांकडे तोंड करून म्हणाले, "ती मुलगी मी आहे."

गलका थांबला. मला वाटलं, आता यांना कळलं. आता यांना लाज वाटेल. एक म्हातारा व्यापारी पुढच्या बाकावरून उठला, बाक उपरण्याने झटकला आणि म्हणाला, "बसा की बाई. तुमी मुंबईवरनं आलात व्हय?" दुसऱ्याने मालकाला चहा सांगायला लावलं. मालिकेतली नटी घोडेगावच्या बाजारात आली, असा त्यांनी अर्थ काढला होता. मी नटी नाही म्हणाले. नटी असंच म्हणते, हे त्यांना पटलेलं दिसलं. म्हातारा उभाच होता. तो म्हणाला, "बाई, राग मानू नका. लई दिस इचारायचं हुतं. म्होरं काय झालं? जमलं का न्हाई त्यांचं?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या आईने हे विचारलं नव्हतं, मस्कतच्या लोकांनी सांगितलं नव्हतं, पप्पांनी खजूर खाताना विषय काढला नव्हता. आणि हा परका माणूस खांद्यावर दोरखंड घेऊन मनापासून विचारत होता. मला त्याचाही रागच आला.

"नाही जमलं," मी म्हणाले.

शेडमध्ये चुकचुकण्याचा आवाज झाला. म्हातारा खाली बसला. मालकाने कॅसेट मुकाट्याने मला दिली, पिशवीत घालून. बाहेर दादाने विचारलं की मिळाली का, मी हो म्हणाले आणि स्कूटरवर मागे बसले.

त्यानंतर मी कॅसेटी शोधणं सोडून दिलं. थकले, हेच खरं. पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत मी पारनेरला मावशीकडे गेले होते. मावशीच्या शेजारणीने नवा टीव्ही घेतला होता आणि संध्याकाळी आळीतल्या बायकांना बोलावलं होतं. फराळाच्या ताटल्या फिरत होत्या. तिच्या मुलाने कुठून तरी कॅसेट आणली होती. चौकशीची खिडकी दिसताच मी उठायला लागले, पण मावशीने हात धरून बसवलं. तिला बिचारीला काही माहीत नव्हतं. आता तर चेहऱ्याचा डागही धड राहिला नव्हता. पडद्यावर कुणीतरी ट्रे घेऊन आलं, चाललं, बोललं. बायकांनी ते वाक्य एका सुरात म्हटलं.

शेजारीण माझ्याकडे वळली. तिला वाटलं, मी पहिल्यांदाच बघतेय.

"म्होरं न्हाईच हे," ती म्हणाली. "पन शेवट सांगू का? त्यांचं जमत न्हाई. ती पोरगी सोता घोडेगावला येऊन सांगून गेली, भर बाजारात."

म्हणजे मी कॅसेट बंद करायला गेले होते आणि तिला शेवट देऊन आले होते. आता कॅसेट जिथे जाईल तिथे माझा नकारही सोबत जाणार, तो कशानेही पुसता येणार नव्हता. मला हसावं की ताटली आपटावी, कळेना. आणि काय सुचलं कोण जाणे, जे मी घरात कधी विचारलं नव्हतं ते त्या अनोळखी बाईला विचारलं.

"का नाही जमलं?"

तिला प्रश्नच विचित्र वाटला. "का म्हंजी? त्या पोरीनं न्हाई म्हटलं. असल्या मान्साला कोन व्हय म्हनंल?" असं म्हणून तिने माझ्या ताटलीत आणखी एक करंजी वाढली.

ही शक्यता आमच्या घरात इतक्या दिवसांत कुणाच्याही मनात आली नव्हती. माझ्यासुद्धा.